पाठ पुसताना काय दिसलं?

प्रवेशाचे दिवस आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत नर्सिंगची पत्रं वाढतात. मी एकवीस वर्षं वॉर्डात काम केलं आणि पुढची चौदा वर्षं नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवलं, म्हणून संपादक ही पत्रं माझ्याकडे देतात. या वेळी पाच पत्रांना उत्तरं देते आहे. पहिलं उत्तर लांबलं आहे, पण बाकीच्या चौघांनीही ते आधी वाचावं.

प्रश्न : ताई, मला नर्सिंगच्या पदवीसाठी दोन कॉलेजांत प्रवेश मिळतो आहे. एकाची इमारत नवी आहे, तिथे श्वास घेणारे, बोलणारे पुतळे असलेली सिम्युलेशन लॅब आहे. दुसरं जुनं आहे, वर्ग साधे आहेत, पण ते एका मोठ्या हॉस्पिटलच्या आवारातच आहे. घरचे नवं घे म्हणतात. मी काय पाहून ठरवू?

तुला माझ्या पहिल्या वर्षातली एक सकाळ सांगते. मला एका आजोबांना स्पंज द्यायचा होता. खुब्याचं हाड मोडल्यामुळे ते बरेच दिवस पाठीवर पडून होते. मी पडदा ओढला, कोमट पाणी घेतलं, शिकवल्याप्रमाणे एकेक भाग उघडून पुसला, कोरडा केला, झाकला. चादर बदलली, सुरकुती राहू दिली नाही. मला वाटलं, छान जमलं. आमच्या ट्यूटर बाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “पाठ पुसताना काय दिसलं?”

मी म्हटलं, “स्वच्छ झाली.”

त्यांनी आजोबांना विचारून त्यांना पुन्हा कुशीवर वळवलं. माकडहाडाजवळ नाण्याएवढा लालसर डाग होता. बाईंनी माझं बोट धरून त्यावर दाबलं आणि उचललं. निरोगी कातडी दाबली की क्षणभर फिकी पडते आणि मग रंग परततो. हा डाग लालच राहिला. बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची, ती पहिली पायरी होती. वरची कातडी अजून शाबूत होती, पण आतल्या पेशींना दाबामुळे रक्त पुरेनासं झालं होतं. सावळ्या कातडीवर तर हा लालपणा डोळ्यांना नीट दिसतही नाही, तिथे हात लावून ऊब, टणकपणा, दुखरेपणा शोधावा लागतो, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. त्याच दिवसापासून आजोबांची कूस बदलण्याच्या वेळा पलंगाला अडकवलेल्या कागदावर लिहिल्या जाऊ लागल्या.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत विचारलं असतं तर चारही पायऱ्या लिहून आले असते. तरी अर्धा तास त्या पाठीवरून हात फिरवून मला काही दिसलं नव्हतं. बाई तिथे नसत्या तर मी ‘स्पंज दिला’ असं लिहून पुढच्या पलंगाकडे गेले असते.

तेव्हा दोन्ही कॉलेजांत जा आणि आधी एकच गोष्ट शोध. विद्यार्थी रुग्णापाशी असतात तेव्हा त्यांना शिकवणारं माणूस कुठे असतं? हे प्राचार्यांना विचारू नकोस, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार, आणि नेमकं विचार. पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाला, एका ट्यूटरमागे किती जणी असतात? आठ-दहा असतील तर शिकवणं होऊ शकतं. पंचवीस-तीस असतील तर हजेरी होते. ट्यूटर वॉर्डात थांबतात की सही करून जातात? शेवटचं इंजेक्शन दिलंस तेव्हा शेजारी कोण होतं? या शेवटच्या प्रश्नाला मुली पटकन उत्तर देतात, आणि ते खरं असतं.

आणखी एक विचार. मुलींचा दिवस कशात जातो? रक्ताचे नमुने लॅबला पोचवणं, फाइली शोधणं, स्टाफ कमी पडला की ती जागा भरणं, यातच सकाळ संपत असेल तर ते कॉलेज विद्यार्थ्यांना बिनपगारी मनुष्यबळ समजतं. ही गोष्ट नर्सिंगच्या शिक्षणाइतकीच जुनी आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा 1860मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सुरू झाली, आणि त्या नमुन्यावर देशोदेशी हॉस्पिटलांच्या शाळा निघाल्या. त्यांतल्या बऱ्याच शाळांत कामाचे तास आधी भरायचे आणि शिकणं उरलेल्या वेळात, असं दशकानुदशकं चाललं. अमेरिकेत 1923मध्ये नर्सिंगच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या गोल्डमार्क अहवालाने यावर स्पष्ट बोट ठेवलं, आणि त्याच वर्षी येल विद्यापीठात हॉस्पिटलच्या कामाऐवजी शिक्षणाभोवती आखलेली, स्वतःची डीन असलेली नर्सिंगची शाळा उघडली. त्याला शंभर वर्षं होऊन गेली. तरी आजही हा प्रश्न तुला दाराशी उभं राहून विचारावा लागतो आहे, याचं मला वाईट वाटतं. पण विचार.

आता पुतळ्यांविषयी. त्यांना कमी लेखू नकोस. अमेरिकेत दहा नर्सिंग कॉलेजांत केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2014मध्ये आले. रुग्णापाशी घालवायच्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास चांगल्या सिम्युलेशनमध्ये घालवलेल्या विद्यार्थ्यांचं ज्ञान आणि कौशल्य इतरांपेक्षा कमी भरलं नाही. मात्र ‘चांगल्या’ या शब्दाला तिथे अर्थ होता. शिकवणाऱ्यांना त्याचं वेगळं प्रशिक्षण होतं आणि प्रत्येक प्रसंगानंतर बसून चर्चा होत होती. कोणी काय केलं, का केलं, कुठे वेळ गेला. पुतळ्याचं हृदय थांबवलं आणि मुलींनी छाती दाबली, एवढ्याने शिकणं पुरं होत नाही. खरं शिकणं त्यानंतरच्या अर्ध्या तासात होतं. म्हणून लॅब दाखवायला नेतील तेव्हा पुतळ्यावरचं प्लॅस्टिक निघालं आहे का ते बघ. त्याच्या दंडावर सुया टोचल्याच्या खुणा आहेत का बघ. गेल्या बॅचने तिथे किती तास काढले आणि नंतरची चर्चा कोण घेतं, ते विचार. उत्तर आकड्यात आलं तर लॅब चालू आहे. ‘अत्याधुनिक आहे’ असं आलं तर ती पाहुण्यांसाठी आहे.

जुन्या कॉलेजच्या मोठ्या हॉस्पिटललाही तसंच तपास. खाटा किती यापेक्षा भरलेल्या किती, आणि त्या खाटांभोवती आणखी कोणत्या कॉलेजच्या मुली उभ्या असतात हे महत्त्वाचं. प्रसूतिकक्षात एका बाईभोवती दहा विद्यार्थिनी असतील तर नऊ जणी फक्त पाहतात, आणि त्या बाईचे हाल होतात ते वेगळेच. शेवटच्या वर्षाच्या मुलीला विचार, “तू स्वतःच्या हातांनी किती प्रसूती केल्यास, आणि लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीत, किती लिहिल्यास?” दोन आकडे वेगळे आले तर समजून घे. शस्त्रक्रिया, बालरोग, प्रसूती, मानसिक आरोग्य आणि वस्तीतलं काम, या पाचही ठिकाणी खरी पोस्टिंग मिळायला हवीत. मानसिक आरोग्याचं पोस्टिंग बऱ्याच ठिकाणी सहलीसारखं उरकतात. त्याची खास चौकशी कर.

निकालाची टक्केवारी सांगतील तेव्हा एक हिशेब आपण करायचा. पहिल्या वर्षाला किती जण आले आणि त्याच बॅचमधले किती जण वेळेवर पदवी घेऊन बाहेर पडले? परीक्षेला बसलेल्यांतले शंभर टक्के पास झाले, पण बसले किती? गळती दडवायची ती सगळ्यांत सोपी जागा आहे.

याच्याही आधीची पायरी म्हणजे मान्यता. नर्सिंगची नोंदणी करणाऱ्या अधिकृत परिषदेच्या यादीत कॉलेज आहे का, ते तू स्वतः पाहा. नुसतं कॉलेजचं नाव पुरत नाही. तोच अभ्यासक्रम, तेच वर्ष, तितक्याच जागा, सगळं जुळायला हवं. ‘अर्ज केला आहे, लवकरच मिळेल’ हे उत्तर नकार समजून चाल. पदवी हातात असून नोंदणी झाली नाही तर नर्स म्हणून काम करता येत नाही. ही नोंदणी रुग्णांच्या भल्यासाठी झगडून मिळवलेली गोष्ट आहे. देशभरातल्या नर्सेसच्या नोंदणीसाठी स्वतंत्र कायदा जगात पहिल्यांदा न्यूझीलंडने 1901मध्ये केला, आणि पुढच्या जानेवारीत एलन डॉगर्टी जगातल्या पहिल्या नोंदणीकृत नर्स झाल्या. त्या यादीत तुझं नाव लागणार आहे की नाही, हे प्रवेशाआधी कळलं पाहिजे.

तू लिहिलंस तेवढ्यावरून माझं मन जुन्या कॉलेजकडे झुकतं. पण त्यावर विसंबू नकोस. सकाळी ड्युटी बदलते त्या वेळी दोन्ही हॉस्पिटलांच्या दाराशी जा. रात्रीची नर्स सकाळच्या नर्सला रुग्णांची हकीकत सांगते तेव्हा विद्यार्थिनी त्यांच्यासोबत पलंगापाशी असतात, की बाहेर भिंतीला टेकून उभ्या असतात? जुन्या कॉलेजच्या मुली भिंतीशी आणि नव्याच्या पलंगापाशी दिसल्या, तर घरच्यांचं ऐक आणि नवं घे.

प्रश्न : माझ्या मुलीला नर्सिंगची पदविका आणि पदवी, दोन्हींकडे प्रवेश मिळतो आहे. पदविका लवकर संपते आणि लवकर नोकरी लागते. पदवीने रुग्णसेवेत खरंच काही फरक पडतो, की तो फक्त कागदाचा मान आहे? घरात कमावता मी एकटाच आहे.

फरक पडतो, आणि तो मोजलेला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003मध्ये त्या राज्यातल्या 168 हॉस्पिटलांतल्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हॉस्पिटलमधल्या नर्सेसमध्ये पदवीधरांचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल, तिथे दाखल झाल्यापासून तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी दिसली. 2014मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या 300 हॉस्पिटलांत असाच अभ्यास झाला, तिथे घट सात टक्के निघाली. त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट दिसली. एका नर्सवर एक रुग्ण जास्त टाकला की मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे शिक्षण आणि पुरेसे हात, दोन्ही लागतात.

हे आकडे पूर्ण हॉस्पिटलांचे आहेत, एकेका माणसाचे नाहीत, हेही लक्षात घ्या. मी ज्यांच्यासोबत काम केलं त्यांतल्या सर्वांत हुशार नर्सकडे पदविका होती. रात्री तिच्या वॉर्डात माझं माणूस ठेवताना मी निर्धास्त झोपले असते.

पदवीत नेमकं काय जास्त मिळतं ते एका उदाहरणाने सांगते. शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस. रुग्णाचा रक्तदाब ठीक, ताप नाही, तो बोलतोही आहे. फक्त सकाळी मिनिटाला सोळा असलेले श्वास आता चोवीस झाले आहेत. ताप, नाडी आणि श्वास नोंदवायच्या ‘टीपीआर’च्या तक्त्यात श्वासाचा आकडा बऱ्याचदा अंदाजाने भरला जातो, कारण तो मोजायला पूर्ण मिनिट थांबावं लागतं. पण शरीर बिघडायला लागलं की रक्तदाब कोसळण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. शरीर तूट भरून काढायला धडपडत असतं आणि ती धडपड आधी तिथे दिसते. हे ‘का’ ज्याला कळलं आहे तो मिनिटभर थांबतो, मोजतो, आणि डॉक्टरांना फोन करून ठामपणे सांगतो की येऊन बघा. पदवीच्या जास्तीच्या काळात शरीरक्रिया, औषधशास्त्र, संशोधन वाचणं यांना वेळ मिळतो, आणि हे ‘का’ तिथे पक्कं होतं. शिवाय पुढचं शिक्षण, अध्यापन, विशेष विभागांतलं काम यांची दारं बहुतेक ठिकाणी पदवीवर उघडतात. ब्रिटनमध्ये तर 2013पासून नव्या नर्ससाठी पदवीच लागते.

तरीही घरची ओढाताण खरी असेल तर पदविका घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त प्रवेशाआधी एक गोष्ट लेखी मिळवा. ही पदविका झाल्यावर नोकरी करत पदवी पूर्ण करण्याचा मान्यताप्राप्त मार्ग आहे का, आणि पदविकेतलं किती शिक्षण त्यात धरलं जातं? पदविका ‘पुढे बघू’ म्हणून घेतली तर ते पुढे राहूनच जातं. नोकरी, लग्न, मुलं यांत वर्षं निघून जातात. असं झालेल्या किती जणी माझ्याकडे चाळिशीत आल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या की तेव्हा कोणी सांगितलं नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही. मुलगी काय म्हणते?

प्रश्न : मी मुलगा आहे. मला नर्सिंगच करायचं आहे. कॉलेज निवडताना मी वेगळं काही पाहायला हवं का?

हो, एक गोष्ट. मुलांना प्रसूती विभागाचं पोस्टिंग पूर्ण देतात का, हे विचार. काही कॉलेजांत मुलांना ‘अवघड वाटेल’ म्हणून तिथून बाजूला ठेवतात आणि त्या दिवसांत कुठेतरी दुसरीकडे बसवतात. तेव्हा सोयीचं वाटतं. पुढे दुसऱ्या देशात नोंदणी करायची झाली की तिथली परिषद प्रत्येक विषयाचे वर्गातले आणि प्रत्यक्ष कामाचे तास वेगवेगळे मागते, आणि नेमका तो रकाना रिकामा निघतो. वरच्या वर्षातल्या मुलांना भेट आणि त्यांची लॉगबुकं बघ. सर्वांनाच सांगते, पहिल्या दिवसापासून अभ्यासक्रमाची प्रत, गुणपत्रिका आणि तासांच्या नोंदी जपून ठेवा. दहा वर्षांनी त्या मिळवायला गेलात तर ओळखीचं कोणी तिथे उरलेलं नसतं.

बाकी तू जसा आहेस तसा ये. ज्या पुरुष रुग्णांना कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालून घ्यायची लाज वाटते, ते तुझी वाट पाहत असतात.

प्रश्न : मी तेहेतीस वर्षांची आहे, दुसऱ्या विषयातली पदवी आहे, चार वर्षांचं मूल आहे. आईच्या आजारपणात तिची सेवा करताना जाणवलं की मला हेच करायचं होतं. घरबसल्या ऑनलाइन नर्सिंग पदवीची जाहिरात पाहिली. घेऊ का?

नव्याने नर्स होण्यासाठीची पदवी घरबसल्या पूर्ण होते असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. आधीच नोंदणी झालेल्या नर्सेसना पुढचं शिक्षण ऑनलाइन घेता येतं, आणि त्या जाहिराती नवख्यांच्याही डोळ्यांपुढे येतात, तिथे घोटाळा होतो. नव्याने येणाऱ्यांना काही विषयांचं वाचन, व्याख्यानं ऑनलाइन चालतील. शीर पकडणं, जखम बांधणं, घाबरलेल्या माणसाशी बोलणं हे समोर माणूस असल्याशिवाय येत नाही. युरोपीय संघाच्या नियमांत सर्वसाधारण नर्सच्या प्रशिक्षणाला किमान 4600 तास लागतात आणि त्यातले किमान निम्मे रुग्णसेवेतच काढावे लागतात. हा आकडा तुमच्या अंदाजासाठी देते. तीन वर्षांत पसरवला तर वर्षाला दीड हजारांहून थोडे जास्त तास होतात. आठवड्याला तीस-बत्तीस तास धरा, आणि घरचा अभ्यास त्याहून वेगळा.

दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांसाठी काही देशांत कमी मुदतीचे अभ्यासक्रम असतात. मुदत कमी असली तरी काम कमी नसतं, ते दाबून बसवलेलं असतं. चार वर्षांच्या मुलासोबत तो वेग झेपेल का, हे तुम्ही आणि घरातली माणसं मिळून ठरवा. कॉलेजला मात्र हे विचारा: रात्रपाळी कोणत्या सत्रापासून? पोस्टिंगचं वेळापत्रक किती आठवडे आधी हातात मिळतं? मूल आजारी पडून चार दिवस गेले तर ते तास कसे भरून देतात? पोस्टिंगची ठिकाणं किती लांब, आणि पहाटे तिथे पोचायची सोय कोणाची? वेळापत्रक रविवारी रात्री कळतं असं विद्यार्थिनी सांगत असतील तर ते कॉलेज तुमच्यासाठी नाही, त्याचं नाव कितीही मोठं असलं तरी.

वयाची काळजी सोडा. माझ्या वर्गात छत्तीस वर्षांची एक विद्यार्थिनी होती, आधी हिशेबनीस म्हणून काम केलेली, दोन मुलांची आई. दुपारच्या तासाला तिचे डोळे मिटायचे आणि मी तिला उठवायची नाही. बालरोग वॉर्डात एके दिवशी सगळ्या मुली एका जोरजोरात रडणाऱ्या बाळाभोवती जमल्या होत्या. ही पलीकडच्या पाळण्यापाशी उभी राहून मला म्हणाली, “मॅडम, हे बाळ सुई टोचली तरी रडलं नाही.” खरं आजारी तेच होतं. वीस वर्षांच्या मुलींना ते मला शिकवावं लागलं असतं, तिला घरी मुलांनी शिकवलेलं होतं.

आईला माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : माझं गणित कच्चं आहे आणि रक्त पाहून मला एकदा चक्करही आली होती. तरी नर्सिंगला जायची इच्छा आहे. मी नाद सोडू का?

सोडू नकोस. चक्कर येते तेव्हा शरीरात काय होतं ते समजून घे, म्हणजे भीती निम्मी होईल. रक्त पाहून काही जणांच्या हृदयाचे ठोके एकाएकी मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. यात मनाचा दुबळेपणा नाही. वॉर्डात जाण्याआधी खाऊन जा. गुडघे ताठ करून एका जागी उभी राहू नकोस. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली तर मांड्या, पोटऱ्या आणि हातांचे स्नायू घट्ट आवळ, त्याने रक्तदाब वर येतो. तरीही वाटलं तर सरळ जमिनीवर बस. आणि शेजारच्या व्यक्तीला आधीच सांगून ठेव. माझे किती तरी विद्यार्थी पहिल्या शस्त्रक्रियेला भिंतीला धरून खाली बसले. त्यांतले काही आज ऑपरेशन थिएटरमध्येच काम करतात.

गणितही तुला वाटतं त्याहून कमी लागतं, पण जेवढं लागतं तेवढं पक्कं लागतं. डॉक्टरांनी 60 मिलिग्रॅम लिहिलं आहे. अॅम्प्यूलवर, म्हणजे औषधाच्या काचेच्या छोट्या कुपीवर, 2 मिलिलिटरमध्ये 80 मिलिग्रॅम असं आहे. म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये 40, आणि तुला 1.5 मिलिलिटर घ्यायचं आहे. त्रैराशिक आलं की बरंचसं आलं. धोका असतो तो दशांश चिन्हात. ‘.5’ लिहिलं आणि टिंब पुसट झालं की वाचणारा 5 वाचतो, दसपट औषध जातं. म्हणून नेहमी ‘0.5’ लिहायचं, आणि ‘5.0’ कधीच लिहायचं नाही, नाहीतर ते 50 वाचलं जातं. आतापासून रोज पाच उदाहरणं सोडव. कॉलेज निवडताना विचार की औषधांच्या हिशेबाची परीक्षा वर्षातून किती वेळा होते आणि नापास झालेल्याला पोस्टिंगवर पाठवण्याआधी पुन्हा शिकवतात का. त्याच वेळी हेही विचार, की पहिल्या पोस्टिंगआधी हेपटायटिस बी या रक्तातून पसरणाऱ्या काविळीवरच्या लशीचे डोस झाले आहेत का ते कॉलेज बघतं का. नेहमीच्या पद्धतीने तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, त्यामुळे सुई टोचल्यावर धावाधाव करून ती वेळ भरून निघत नाही.

तुला एक प्रश्न मात्र सगळ्या प्रश्नांच्या वर ठेवायला सांगेन. वरच्या वर्षाच्या मुलींना एकटं गाठून विचार, “तुमच्या हातून औषधाची चूक झाली तर इथे काय होतं?” त्या घाबरून एकमेकींकडे पाहू लागल्या, किंवा ‘आम्ही कोणाला सांगत नाही’ असं म्हणाल्या, तर त्या कॉलेजला जाऊ नकोस. तिथे चुका होतात, पण त्यांतून काही शिकवलं जात नाही.

मी शिकत असताना एकदा कपाटातून चुकीचं अॅम्प्यूल काढलं. दोन औषधांचे डबे शेजारी होते, रंग सारखा, अक्षरं बारीक, आणि मला घाई होती. सिरिंज भरून मी सिस्टरकडे तपासायला नेली. त्यांनी रिकामं अॅम्प्यूल उजेडात धरून नाव मोठ्याने वाचलं, मग मला वाचायला लावलं. माझे पाय लटपटले. रुग्णाला काही झालं नव्हतं, सुई त्याच्यापर्यंत गेलीच नव्हती. सिस्टरनी ती सिरिंज टाकून दिली, नवी भरताना माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि घडलं ते माझ्या अक्षरात नोंदवहीत लिहायला सांगितलं. मी रडत लिहीत होते. लिहून मान वर केली तेव्हा त्या स्टुलावर चढून कपाट लावत होत्या. दोन्ही डबे त्यांनी वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवले होते, आणि एकाच्या झाकणावर लाल पेनाने मोठ्या अक्षरात नाव लिहीत होत्या.